हँडब्रेक ओढून पण गाडी घसरत्या? आधी केबलला हात लावू नका

आमच्या मामांची १९७२ ची एमजीबी आहे, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, लाल, टप उघडणारी. मागच्या महिन्यात पन्हाळ्याच्या चढाला चहासाठी थांबलो, मामांनी हँडब्रेक पार कानापर्यंत ओढला आणि उतरले, तर गाडी निवांत मागं निघाली की. मी पळत जाऊन चाकाखाली दगड घातला म्हणून वाचलो. आता हे काम घरीच करून झालंय तर लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोग होईल.

या गाडीला, म्हणजे १९६२ ते १९८० मधल्या सगळ्याच एमजीबीना, पुढं डिस्क ब्रेक आणि मागं ड्रम ब्रेक. पायाचा ब्रेक ऑइलवर चालतो पण हँडब्रेक निव्वळ केबलवर, आणि तो फक्त मागच्या दोन चाकांना. त्यामुळं पायाचा ब्रेक झकास लागतोय म्हणजे हँडब्रेक पण बरा असणार असं काही नसतं.

आपल्याकडं हँडब्रेक ढिला म्हटलं की जो तो आधी केबलचा नट आवळतो. इथंच घोळ होतो, कारण लायनर (ड्रमला आतनं घासून चाक थांबवणारे पट्टे) झिजून ड्रमपासनं लांब गेलेली असतात आणि तुम्ही केबल ताणून ती भरपाई करायला बघता, मग चाक कायम थोडं घासत राहतं, ड्रम तापतो, आणि चढावर गाडी परत घसरतीच.

सपाट जागा बघा, पुढच्या चाकांना दोन्हीकडनं ठोकळे लावा, मागनं जॅक लावून गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण सोडलेला.

चाकामागच्या प्लेटला एक चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर दिसेल, बहुतेक चिखलानं माखलेला. तारेच्या ब्रशनं घासा, गंज सोडवायचा स्प्रे मारा आणि मस्त जेवून या. साध्या पान्यानं ओढाओढी केली तर त्याची कड गोल होते, आमची एका बाजूची झालीच. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका टर्नरकडनं मापाचा चौकोनी पाना करून घेतला, तेव्हा कुठं तो हलला. चाक पूर्ण जाम होईपर्यंत आवळायचा, एकदा पायाचा ब्रेक दाबून सोडायचा म्हणजे लायनर मधोमध बसतात, परत आवळून बघायचं, मग एक-दोन खटके मागं. चाक हातानं फिरवताना कान द्या, बारीक खर्र आवाज म्हणजे लायनर घासतंय. नुसतं जड फिरत असेल आवाज न करता, तर तो डिफरन्शियलचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरचा) जडपणा आहे, त्याच्या नादाला लागू नका.

एवढं करून पण पकड नसेल तर ड्रम काढा. आत तेलकट दिसलं तर ब्रेक ऑइल गळतंय किंवा एक्सलचं सील गेलंय, आधी ते करा आणि लायनर नवीन टाका, तेल प्यालेलं लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवण्यात अर्थ नाही. आतली धूळ हवेनं उडवू नका हां, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

मग केबल. एक्सलवर एक तोल सांभाळणारा लिव्हर असतो, जो ओढ दोन्ही चाकांत वाटतो. तो वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्यानं अडकतो, आमचा खरा दोष इथंच निघाला, एकच चाक धरत होतं. सोडवून, पॉलिश पेपर मारून ग्रीस भरलं. केबललाच ग्रीस निपल असतो, तिथं पण दोन-चार पंप मारा.

सगळ्यात शेवटी, हँडब्रेकच्या लिव्हरच्या खालच्या टोकाला गाडीखालनं जो पितळी नट दिसतो, केबलचा तो नट फिरवून ताण जमवा. हँडब्रेक ओढल्यावर तीन-चार खटक्यांत दोन्ही चाकं धरली पाहिजेत आणि सोडल्यावर मोकळी फिरली पाहिजेत, बास.

नवीन लायनर टाकली असतील तर दोनेकशे किलोमीटरनंतर ते चौकोनी ॲडजस्टर परत बघा, लायनर बसली की गॅप वाढतो. आणि चढाला लावताना गाडी गिअरमध्ये ठेवा.