नाजूक त्वचेसाठी घरचा साबण: करायला बसण्याआधीची तयारी

साबण दिवाळीनंतर करायला घ्या आणि होळीच्या आत आटपा. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो, तेव्हा साच्यातलं मिश्रण आतून तापून फुगतं आणि मधोमध तडकतं. पावसाळ्यात वड्या वाळत नाहीत, त्यांना घाम सुटत राहतो. थंडीत खोबरेल थिजलेलं असतं, ते कोमट करून घेतलं की झालं.

तेलं एकूण 500 ग्रॅम: ऑलिव्ह 300, खोबरेल 125, करडई 50, एरंडेल 25. खोबरेलाने साबण घट्ट होतो आणि फेस येतो, पण ते जास्त झालं की कातडी कोरडी पडते. नाजूक त्वचेला पाव हिस्सा पुरे. करडईचं लाकडी घाण्याचं तेल आपल्याकडे हाताशी असतं म्हणून ते ढिलाईने ओतू नका. त्याचा हिस्सा वाढला की साबण मऊ राहतो, दीड-दोन महिन्यांत नारिंगी ठिपके येतात आणि खवट वास सुटतो.

या तेलांना कॉस्टिक सोडा 68 ग्रॅम आणि पाणी 140 ग्रॅम. पण हा 68 चा आकडा याच तेलांचा, याच वजनांचा आहे. तेल बदललं की कॉस्टिक नव्याने काढायचं. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं. खोबरेल कमी पडलं, त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं करडईचं घातलं आणि कॉस्टिक मात्र कागदावर लिहिलेलंच घेतलं. दिसायला साबण छान झाला होता. कापताना वड्या ठिसूळ होऊन फुटल्या, ओल्या बोटाला चरचरलं, आणि सगळी खेप टाकून द्यावी लागली. तो साबण भाचीच्या अंगासाठी होता. तिला साध्या साबणानेही पुरळ उठतं.

हिशेब समजून घ्या, अवघड नाही. 1 ग्रॅम खोबरेलाचा साबण व्हायला साधारण 0.183 ग्रॅम कॉस्टिक लागतं. करडईला 0.137, ऑलिव्हला 0.135, एरंडेलाला 0.128. खोबरेलातल्या मेदाम्लांचे रेणू आखूड असतात, तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त भरते, म्हणून त्याला कॉस्टिकही जास्त लागतं. प्रत्येक तेलाचं वजन त्याच्या आकड्याने गुणा आणि बेरीज करा. वरच्या प्रमाणाची बेरीज 73.4 येते. त्यातून 7 टक्के कमी केले की 68. हे 7 टक्के मुद्दाम कमी करायचे, म्हणजे थोडं तेल साबण न होता तसंच राहतं आणि कातडीला सांभाळतं. आता 125 ग्रॅम खोबरेलाच्या जागी करडई घालून बघा. बेरीज 67.7 वर येते. तुम्ही तरीही 68 घातलंत तर राखलेलं तेल सगळं गेलं आणि वर कॉस्टिक मोकळं उरलं. निरोगी हाताला ते कदाचित कळणारही नाही, पण नाजूक कातडीला पहिल्याच अंघोळीत कळेल. म्हणून तेलं मोजून झाली की कागद पुन्हा समोर घ्या, प्रत्यक्षात कोणतं तेल किती पडलं ते लिहा, गुणाकार पुन्हा करा, आणि मगच कॉस्टिकची बरणी उघडा. "एवढ्याने काय होतंय" म्हणू नका. होतं.

1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा हवाच, वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही. अर्धा लिटर तेल म्हणजे 500 ग्रॅम नव्हे, ते 460 ग्रॅमच्या आसपास भरतं. पिशवीवरचा लिटरचा आकडा बघून मोजलंत तर वरचा सगळा हिशेब वाया गेला.

कॉस्टिक केमिकलच्या दुकानातून आणा, शुद्धता 98 टक्क्यांच्या वर लिहिलेली बघा. मोरी साफ करायची पावडर आणू नका, तिच्यात आणखी काय काय असतं. झाकण घट्ट लावा, कारण कॉस्टिक हवेतला ओलावा ओढतं आणि मग वजन खोटं येतं.

पाणी बोअरचं अजिबात नको. त्यातल्या क्षारांशी साबणाचा चोथा होतो, आणि लोहाचा अंश असेल तर साबण लवकर खवटतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, पण लेबल वाचून घ्या. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही कॅनमध्ये ठेवलेलं असतं.

भांडं स्टीलचं. जर्मनचं पातेलं कॉस्टिकला लावूच नका, ॲल्युमिनियम खदखदतं आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. लाकडी रवी-उलथनंही नको. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. पाण्यात कॉस्टिक घाला, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नका. हे काम ओसरीत किंवा गच्चीत करा, वाफ नाकात जाऊ देऊ नका, लेकरं लांब ठेवा. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुवत लगेच दवाखाना गाठा.

वनस्पतींचा मोह आवरा. नाजूक त्वचेला जितकं कमी तितकं बरं. कडुनिंबाची पानं सावलीत कडकडीत वाळवून ऑलिव्ह तेलात महिनाभर मुरवा आणि गाळून घ्या. ओली पानं टाकलीत तर तेल बिघडतं. कोरफड कापली की पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, तो खाजवतो. कॅलेंड्युला म्हणून अंगणातला झेंडू घालू नका, ते झाड वेगळं आहे आणि झेंडूचा रस काहींच्या कातडीला सोसत नाही. लिंबाचा रस नको, तो कॉस्टिक खातो आणि पुन्हा हिशेब बिघडतो. सुगंधी तेल तर एक थेंबही नको. उस्मानाबादी शेळीचं दूध घरचं असेल तर इच्छा होणारच, पण ते बर्फासारखं गोठवून, त्यावर कॉस्टिक थोडं थोडं घालत करावं लागतं. पहिल्या खेपेला ते राहू द्या.

कॉस्टिकचं पाणी आणि तेल दोन्ही कोमटावर आली की एकत्र करा. तरी त्याआधी कागदावर एकदा नजर टाका: तेल तेच आहे ना? पातळ पिठल्यासारखं झालं, वरून सोडलेली धार क्षणभर तशीच दिसली, की साच्यात ओता. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालूनच कापा.

वड्या सुट्या, हवेशीर, सावलीत. किमान सहा आठवडे, ऑलिव्ह जास्त असल्याने आणखी थांबलात तर उत्तम. मग ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावा. झिणझिण्या आल्या तर ती खेप अंगाला नाही. नीट झालेला साबणही अल्कधर्मीच असतो, म्हणून इसब किंवा फुटलेल्या कातडीला लावायचा की नाही हे डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवावं, दोन दिवस बघावं. विकायचा विचार असेल तर परवाना लागतो, बचत गटालासुद्धा.