रॅमच्या चार स्टिक काढल्या, दोनच लावल्या

फोंड्यातल्या घरी व्हिडिओ एडिटिंगसाठी एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसरचा पीसी जुळवला. १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम स्टिक होत्या, ६००० एमटी/एस (सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्सफर) वेगाच्या. काम वाढलं तशा पणजीहून आणखी दोन आणल्या. बॉक्स हुबेहूब तोच. लावल्या, आणि मागे लागली साडेसाती. कधी स्क्रीन काळीच, कधी रेंडर अर्ध्यावर असताना रीस्टार्ट. आधी मी विजेलाच शिव्या घातल्या. आमच्याकडे जून लागला की पहिला संशय तिच्यावर.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सपो, म्हणजे रॅम बॉक्सवरच्या वेगाने चालवणारी सोय, बंद केलं, तर मशीन गुमान चाललं, पण ३६०० वर. खोटं कशाला बोलू, प्रोसेसरची माहिती मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. दोन स्टिकना अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६००. म्हणजे ६००० हे मुळात ओव्हरक्लॉकच, अधिकृत वेगाच्या वर ताणलेलं. शिवाय एक्सपोची चाचणी एका किटपुरती, म्हणजे एकाच बॉक्समधल्या स्टिकपुरती असते. दोन वेगळ्या किटमध्ये लेबल तेच असलं तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

चारही विकून ३२ जीबीच्या दोन स्टिकचं एकच किट घेतलं, ६००० वेगाचं, सीएल३० (रॅमच्या प्रतिसादाला लागणारा विलंब), मदरबोर्डच्या कंपॅटिबिलिटी यादीत बघून. दुकानदार ७२०० चं गळ्यात मारत होता. पण या प्रोसेसरवर तेवढ्या वेगाला रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर रॅमच्या अर्ध्या वेगाने चालतो, मग जादा पैसे कशाला?

दोन्ही स्टिक लावल्या प्रोसेसरच्या सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगला (मशीन नव्या रॅमशी जुळवून घेतं त्याला) काही मिनिटं लागतात, तोवर स्क्रीन काळीच. भाचा घाबरून बटण दाबायला निघाला होता, त्याला चहा आणायला पिटाळला. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, चालवली, एकही एरर नाही.