वेडी बाभूळ मुळासकट कशी काढावी: थरच्या वाळवंटातली पद्धत

महाराष्ट्रात वेडी बाभूळ, कच्छात गांडो बावळ, मारवाडात बावळिया. झाड एकच, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. वाळू थोपवायला आणि सरपणाला म्हणून ते थरमध्ये आणलं गेलं. जोधपूर संस्थानाने तर १९४० साली त्याला शाही झाडाचा मान दिला होता. आता त्याच्या गर्दीत सेवण गवत, खींप, फोग, केर असं अस्सल वाळवंटी सगळंच मागे हटतं. ते काढायला निघालेले बहुतेक लोक कुऱ्हाड घेऊन जातात आणि दोन वर्षांत एका खोडाच्या जागी आठ फुटवे उभे राहिलेले बघतात. खरं काम जमिनीखाली आहे, आणि त्याहून जास्त काम नंतरच्या वर्षांत आहे.

आधी झाड ओळखा

खेजडी, म्हणजे आपली शमी, ही याच कुळातली आणि लहानपणी फसवी दिसणारी. काटे बघा. खेजडीचे काटे आखूड, बुडाशी जाड आणि फांदीवर पेरांच्या मधल्या भागात कुठेही विखुरलेले असतात. वेड्या बाभळीचे लांब, टणक, बहुधा जोडीने आणि पानाच्या बेचक्यापाशी असतात. कुमट या वाळवंटातल्या देशी झाडाला एका जागी तीन आकडे असतात, त्यातला मधला खाली वळलेला. देशी बाभळीचं फूल गोल पिवळा गोंडा. वेड्या बाभळीचं लांबट तुरा.

मजुरांना तोडायची झाडं खूण करून देऊ नका, राखायची द्या. खेजडी, कुमट, रोहिडा, जाळ, केर या देशी झाडांच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मारा. झाडं राखणं धर्म मानणाऱ्या बिश्नोई समाजाच्या गावांच्या परिसरात चुकून ओली खेजडी तोडली तर प्रकरण माफीवर मिटेल असं समजू नका. १७३० साली खेजडलीत खेजडीसाठी माणसांनी जीव दिला आहे. जमीन ओरण (देवाच्या नावाने राखलेलं रान) आहे, गायरान आहे, वनखात्याची आहे की खासगी, हे आधीच बघून लेखी परवानगी घ्या.

कुठून आणि कधी सुरुवात

बी पाण्याबरोबर आणि जनावरांच्या शेणालेंड्यांतून पसरतं. म्हणून उताराच्या वरच्या टोकाकडून खाली या. नाल्याच्या तोंडापासून सुरू केलंत तर पुढच्या पावसात वरचं बी तुमच्या मोकळ्या जागेत येऊन बसेल. सगळं रान एकदम साफ करू नका. वर्षाला जेवढ्या जागेची पुढची निगराणी जमेल, तेवढाच तुकडा घ्या. एक हेक्टर नीट झालेला बरा.

पाऊस संपल्यावरचे दिवस, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, खणायला उत्तम. जमीन ओलसर असते. झाडावर पिकलेल्या पिवळ्या शेंगा असतील तर आधी त्या उतरवून पोत्यात भरा, मगच हत्यार चालवा. गवताळ माळावर मार्च ते सप्टेंबर जड काम टाळा. माळढोक जमिनीवर एकच अंडं घालतो आणि त्याचा हंगाम याच काळात येतो. सांड्याची (काटेरी शेपटीच्या सरड्याची) बिळं दिसली तर तेवढी जागा सोडून खणा.

गाठ काढणं

लागणारी हत्यारं साधी: लांब दांड्याचा कोयता, करवत, कुदळ, पहार, फावडं, छिन्नी आणि घण. चामडी हातमोजे आणि जाड तळाचे बूट हवेतच. काटा साध्या चपलेतून सहज आरपार जातो आणि जखम चिघळते.

फांद्या काढून खोड कमरेएवढं उभं ठेवा. तोच पुढे हलवायचा दांडा होतो. जमिनीलगत कापलंत तर धरायला काही उरत नाही. मग भोवताली खणा. खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे फुगीर भाग लागेल, तीच गाठ. फुटव्यांचे झोपलेले डोळे याच पट्ट्यात असतात. मनगटाएवढ्या खोडाला वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली, मोठ्याला तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर खाली मूळ तोडा. बाजूची जाड मुळंही गाठीपासून दूर कापा. गाठ अखंड निघाली की खालचं मूळ मातीत राहिलं तरी चालतं, त्यातून सहसा फूट येत नाही.

वाळूच्या टेकाडावर मात्र मोजमाप फसतं. उडती वाळू बुंध्याभोवती साठून खरी गाठ मीटरभर खाली गेलेली असते, आणि वर दिसतात त्या गाडल्या गेलेल्या फांद्या. खोली वाळूच्या पृष्ठापासून मोजायची नाही. गाठ सापडेपर्यंत वाळू उपसायची आणि तिथून मोजायची.

खडकातली झाडं सर्वांत चिवट. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याजवळ राव जोधा डेझर्ट रॉक पार्कच्या सुमारे सत्तर हेक्टर ज्वालामुखी खडकावर २००६ पासून हे काम झालं. तिथे उपयोगी पडले ते खंडवालिये, म्हणजे पिढ्यानपिढ्या दगड फोडणारे खाणकामगार. घणाच्या आवाजावरून खडकाची भेग ओळखून ते छिन्नीने गाठीपर्यंत पोचले. शिवाय तयार झालेले खड्डे वाया गेले नाहीत. वेड्या बाभळीने आधीच खोल भेगा शोधून ठेवलेल्या होत्या, त्यांतच थोर, कुमट अशी खडकावरची देशी झाडं लावली गेली.

जेसीबी पटकन काम उरकतो, पण गाठ बऱ्याचदा मध्येच मोडते आणि उकरलेल्या जमिनीत पडून असलेलं बी भराभर उगवतं. जाळण्याने वरचं जळतं, खालचं फुटतं.

शेंगाविरहित फांद्यांची बाड (काटेरी कुंपण) करा, उरलेल्याचं सरपण किंवा कोळसा. गावाची चूल याच झाडावर चालत असेल तर एक तुकडा मुद्दाम राखा, नाहीतर पुढची कुऱ्हाड खेजडीवर पडेल. शेंगा चारायच्या असतील तर बियांचं पीठ होईपर्यंत दळूनच चारा. अख्ख्या शेंगेतलं बी शेळीच्या पोटातून उगवायला अधिकच तयार होऊन बाहेर येतं.

मोकळ्या जागेत काय

इथेच उत्साही मंडळी घोळ घालतात. झाड काढलं म्हणून झाडच लावायचं असं नाही. जैसलमेरकडची वालुकामय जमीन मुळात गवताची आहे; माळढोकाला आणि चिंकाऱ्याला मोकळा माळ लागतो, दाट झाडोरा नाही. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानालाही हेच लागू. इस्रायली बाभूळ तर नकोच, तीही बाहेरून आणलेलीच.

वाळूत सेवण, थोड्या घट्ट जमिनीत धामण गवत. हेक्टरी पाच ते सात किलो बी, ओळींत पाऊण मीटर अंतर, खोली जेमतेम एक सेंटिमीटर. त्याहून खोल गेलं तर कोंब वर येत नाही. बी इतकं हलकं की वाऱ्यावर उडतं, म्हणून ओलसर वाळूत मिसळून पेरा किंवा गोळ्या वळा: एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती, एक भाग वाळू, प्रत्येक हरभऱ्याएवढ्या गोळीत दोन-तीन दाणे, सावलीत वाळवलेल्या. पहिल्या चांगल्या पावसाबरोबर पेरणी. पहिलं वर्ष चराई पूर्ण बंद. दुसऱ्या वर्षी बी गळल्यावर हलकी.

सरकत्या वाळूवर पेरण्याआधी तिला अडवावं लागतं. खींप, सिणिया किंवा झाडबोरीच्या फांद्या पावसाळ्यापूर्वी उलट्या, शेंडा खाली करून, वाळूत रोवा. रांगा वाऱ्याला आडव्या, दोन ते पाच मीटर अंतराने. उन्हाळ्यात थरमध्ये वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्या हिशोबाने रांगांची दिशा धरा. मधल्या जागेत फोग आणि सेवण.

खेजडी लावायची तर विरळच, आणि उंच पिशवीतली रोपं. तिचं सोटमूळ शेंड्यापेक्षा वेगाने वाढतं आणि आखूड पिशवीत वळून बसतं. अशी रोपं वर्षभर हिरवी दिसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात जातात.

पुढची वर्षं

जमिनीतलं बी दहा वर्षंही टिकू शकतं. पहिल्या पावसानंतर सहा ते आठ आठवड्यांनी प्रत्येक खड्डा तपासा. फुटवा दिसला म्हणजे गाठीचा तुकडा राहिला आहे, पुन्हा खणा. फुटवा नुसता छाटलात तर खालची गाठ तशीच राहते. नवी रोपं वीतभर असतानाच ओल्या जमिनीतून सरळ वर ओढा, अख्खं सोटमूळ येतं. हिवाळ्यात तीच रोपं हाताने निघत नाहीत. पहिली तीन वर्षं वर्षातून दोन फेऱ्या, नंतर एक. तुकड्यागणिक किती रोपं उपटली ते वहीत लिहा. आकडा उतरत नसेल तर बी बाहेरून येतं आहे, बाड आणि वरचा नाला तपासा. चराई सुरू केल्यावर बाहेरून आलेली, शेंगा खाल्लेली जनावरं आत सोडण्याआधी आठवडाभर वाड्यात बांधा आणि त्या दिवसांचं शेण, लेंड्या या जमिनीत खत म्हणून टाकू नका.