सरकारी कामात उतरलेल्या तरुण तंत्रज्ञांना वाट कशी दाखवावी

सरकार बदलून टाकायच्या इराद्याने आलेला पंचविशीतला इंजिनिअर तुमच्या हाताखाली आला, की पहिल्या दिवशी त्याला कोड दाखवू नका. कामाचे पहिले दहा दिवस त्याला अर्ज घेणाऱ्या खिडकीच्या आतल्या बाजूला, कारकुनाशेजारी खुर्ची टाकून बसवा. हातात फक्त वही. मध्ये बोलायचं नाही, आणि ‘हे ऑनलाइन का नाही?’ असं तर मुळीच विचारायचं नाही.

वहीत त्याने निकाली निघालेल्या वीस अर्जांचा माग काढायचा. अर्ज ज्या ज्या टेबलावर गेला, त्या प्रत्येकासाठी दोन आकडे: प्रत्यक्ष काम किती मिनिटं आणि नुसता पडून किती दिवस. समजा, भत्त्याच्या एका अर्जावर एकूण ५० मिनिटं काम झालं आणि निकाल लागला ४१व्या दिवशी. नवखा माणूस त्या ५० मिनिटांची २० करायला धावतो, कारण तिथे स्क्रीन असते. खरे दिवस गेलेले असतात भलतीकडेच: एक दाखला कमी असल्याचं पत्र टपालाने गेलं आणि उत्तर येईपर्यंत अर्ज तसाच राहिला. अर्ज घेतानाच दाखले तपासायची चार ओळींची यादी खिडकीवर चिकटवली, तरी यातलं बरंचसं सुटतं. एवढ्या साध्या उपायाला ‘काम’ म्हणायला हुशार मुलं सहज तयार होत नाहीत. त्यांना आधी आणि नंतरचे दिवस मोजायला लावा.

कारकुनाच्या खणातली खासगी वही बघायला मिळाली, तर ती नीट बघायला सांगा. एखाद्या नावापुढे पेन्सिलचं बारीकसं टिंब असतं. विचारलं तर कळतं की याच नावाचा दुसरा माणूस आहे आणि पूर्वी एकदा पैसे त्याच्या खात्यात गेले होते. जुन्या प्रणालीत या टिंबासाठी रकाना नसतो. नव्या प्रणालीतही तो ठेवला नाही, तर जुनी चूक नव्या वेगाने परत येते.

मग फॉर्म घ्या. प्रत्येक रकान्यासमोर तीन गोष्टी लिहायला लावा: हा कशामुळे आला, पुढे कोण वापरतं, काढला तर काय अडतं. पहिल्याचं उत्तर चारांपैकी एक असतं: कायदा, कायद्याखालचा नियम, परिपत्रक किंवा सवय. सवय असेल तर कार्यालयप्रमुखाशी बोलून रकाना निघू शकतो. परिपत्रक बदलायला ते काढणारा विभाग लागतो, नियमाला त्याहून वरची मान्यता आणि कायद्याला विधिमंडळ. मुलं गोंधळतात ती इथेच. सवयीला कायदा समजून हात टेकतात किंवा कायद्याला सवय समजून कोडमधून परस्पर उडवतात. ‘असंच असतं’ हे उत्तर चालवून घेऊ नका. कलम आणि तारीख मागा. दोन-तीन रकान्यांना आधारच सापडत नाही, तेव्हा पोरांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो.

यानंतर एक सराव, आणि हा टाळू नये. ऑस्ट्रेलियात २०१६पासून मोठ्या प्रमाणावर राबवलेली ‘रोबोडेट’ नावाने ओळखली जाणारी वसुली योजना, म्हणजे जास्त दिला गेला असं ठरवून सरकारी भत्ता परत मागणारी, समोर ठेवा. भत्ता दर पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरायचा. तपासणीसाठी मात्र कर खात्याकडचं वर्षाचं उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखं वाटलं गेलं. गणित मुलांनाच करू द्या. एका माणसाने पहिल्या १३ पंधरवड्यांत प्रत्येकी २,००० कमावले, मग काम गेलं आणि उरलेले १३ पंधरवडे त्याने हक्काचा भत्ता घेतला. वर्षाचे २६,००० भागिले २६, म्हणजे पंधरवड्याला १,०००. बेकारीच्या प्रत्येक पंधरवड्यात तो कमावता दिसला आणि वसुलीची नोटीस निघाली. भागाकार बिनचूक होता. शिवाय आपण तेवढे कमावलेच नव्हते हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर टाकली गेली, तीही कधीकधी काही वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांच्या आधारे. नोव्हेंबर २०१९मध्ये सरकारने न्यायालयात माघार घेतली, २०२०मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे पैसे परत करायचं जाहीर केलं आणि २०२३मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला.

सरावात मुलांना हाच हिशेब कोडमध्ये लिहायला लावा, पण निकाल सांगू नका. लिहून झाल्यावर विचारा: हे कोणाच्या बाबतीत चुकेल? हंगामी मजूर, वर्षाच्या मधेच नोकरी लागलेला विद्यार्थी, आजारपणानंतर कामावर परतलेली बाई. तीन माणसं सापडेपर्यंत उठू देऊ नका. दुसरा प्रश्न: चूक झाली, तर सिद्ध कोणी करायची? उत्तर ‘नागरिकाने’ असेल, तर नोटीस निघण्याआधी माणसाने कागद बघायची पायरी घालायची. नोटिशीत हिशेब दाखवायचा आणि दाद मागायची मुदत ठळक छापायची.

पहिलं खरं काम सहा ते आठ आठवड्यांत संपणारं द्या, पण ते एका सेवेचं टोकापासून टोकापर्यंत असू द्या. नुसता डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आणि आलेख दाखवणारा पडदा, देऊ नका. तो वरिष्ठांना आवडतो आणि अर्जदाराच्या हाती काहीच लागत नाही. मूल म्हणेल, ‘दोन दिवसांचं काम आहे.’ हसू नका, त्याच्यासमोर कागदावर मांडा: कोड दोन दिवस, सुरक्षा तपासणी, स्क्रीन रीडरवर (अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चाचणी, सगळ्या भाषांतला मजकूर, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, लेखापरीक्षणाला लागणाऱ्या नोंदी. बेरीज त्यालाच करू द्या.

सेवा सुरू करताना आधी एक कार्यालय, दोन आठवडे जुनी आणि नवी पद्धत बरोबरीने. रोज संध्याकाळी दोन्हींचे निकाल ताडून बघायचे. फरक पडलेला प्रत्येक अर्ज हाताने उघडायचा. मग पाच कार्यालयं, मग सगळी. कागदी अर्जाची वाट बंद करायची नाही. अमेरिकेची आरोग्यविम्याची साइट १ ऑक्टोबर २०१३ रोजी एकदम सगळ्यांसाठी उघडली आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली अवघ्या सहा जणांची. नुसत्या योजना बघायच्या असल्या तरी आधी खातं उघडावं लागत होतं, त्यामुळे सगळी गर्दी त्या एकाच दारात अडकली. टोकापासून टोकापर्यंतची चाचणी पुरेशी झालेली नव्हती आणि पूर्ण जबाबदारी कोणा एकाची नव्हती.

डेटाच्या बाबतीत कडक राहा, इथे मैत्री नको. शिकायला नावं-नंबर झाकलेली प्रत. खऱ्या डेटाबेसवर फक्त वाचायचा अधिकार, तोही कामापुरता आणि ९० दिवसांनी आपोआप संपणारा. बदल करायचा तर दुसऱ्या माणसाची मंजुरी आणि प्रत्येक क्वेरीची, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेची, नोंद. स्वतःच्या लॅपटॉपवर डेटाची एकही ओळ नाही. ‘यामुळे वेग जातो’ अशी तक्रार येईल. जातोच. पण पेन्शनच्या तक्त्यावर चुकून चाललेला एक अपडेट निस्तरायला महिने लागतात आणि तोवर कोणाची तरी चूल थंड राहते.

वरून चुकीचा आदेश आला तर काय करायचं, हे प्रसंग येण्याआधीच शिकवा. तोंडी कुरकुर कुठेच नोंदली जात नाही. एक पान टिपणी लिहायची: आदेश काय, कोणत्या नियमाशी विसंगत, कोणाचं किती नुकसान, दोन पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि वेळ. खाली तारीख. रोबोडेटच्या बाबतीत तर, ही पद्धत कायद्यात बसत नाही असा सल्ला विभागातल्याच वकिलांनी २०१४मध्ये दिला होता. योजना तरीही पुढे गेली. म्हणून टिपणीत उत्तराची मुदत टाकायची, आणि उत्तर आलं नाही तर कोणाकडे जायचं हे तुम्ही मार्गदर्शक म्हणून आधीच ठरवून ठेवायचं. ती टिपणी पुढे नेताना तुमची सही त्याच्या सहीच्या वर हवी. एकट्या पोराला पुढे ढकलायचं नाही.

तरुण तंत्रज्ञ काम सोडून जायच्या सहा आठवडे आधी त्याला दोन आठवडे सक्तीच्या रजेवर पाठवा, फोन बंद. त्या काळात कायम कर्मचाऱ्यांनी एक छोटा बदल, उदाहरणार्थ अर्जाची अंतिम तारीख, स्वतः करून सेवेत चढवायचा. जिथे अडतील ती जागा लिहून ठेवा; परत आल्यावर उरलेले चार आठवडे त्याचं काम तेवढंच. अडतात ते बहुधा कोडमध्ये नाहीच. डोमेनचं नाव त्याच्या खासगी ईमेलवर असतं, एसएमएसच्या खात्याचा पासवर्ड त्याच्या फोनमध्ये, आणि सुरक्षा प्रमाणपत्र संपत आल्याची सूचना त्याच्याच इनबॉक्समध्ये येत असते. हे तिन्ही कार्यालयाच्या सामायिक पत्त्यावर आल्याशिवाय कार्यमुक्तीच्या कागदावर सही करू नका.