नकाशा छापताना ‘फिट टू पेपर’ची खूण काढा

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधला नकाशा मॉडेलमधून, म्हणजे खऱ्या मापात जिथे तो काढतो तिथून, थेट छापू नका. लेआउट, म्हणजे छापायच्या कागदाचं पान, उघडा, व्ह्यूपोर्टला (त्या पानावर नकाशा दाखवणाऱ्या चौकटीला) १:१०० असं प्रमाण द्या आणि तो लॉक करा. नाहीतर व्ह्यूपोर्टच्या आत असताना माउसचं चाक जरा फिरलं की प्रमाण बिघडतं. प्लॉटच्या, म्हणजे छपाईच्या, खिडकीत मात्र १:१ च ठेवायचं आणि ‘फिट टू पेपर’ची (नकाशा कागदात बसेल तसा लहान-मोठा करणारी) खूण काढायची.

खरा घात पुढेच होतो. पीडीएफ झेरॉक्सच्या दुकानात जाते आणि तिथे ‘फिट’वर छापली जाते. म्हणून ‘ॲक्चुअल साइज’ असं स्पष्ट सांगा. शिवाय लेआउटच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ काढून ठेवा. कागद हातात आला की आधी तिच्यावर पट्टी लावा. ती ९७ भरली, तर तो कागद साइटवर पाठवूच नका. जिथे माप लिहिलेलं नसतं, तिथे गवंडी पट्टीच लावतो. ए१ चा नकाशा ए३ वर घेतला तर १:१०० चं १:२०० होतं, तेव्हा प्रमाण बदलून लिहा.

रंगांसाठी मोनोक्रोम प्लॉट स्टाइल, म्हणजे सगळ्या रेघा काळ्या छापणारी, निवडा. काळ्या पडद्यावर उठून दिसणाऱ्या पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर जवळजवळ गायब होतात.