सिनेमाचे पोस्टर, कॉमिक्स आणि आठवीचा चित्रकलेचा तास

आठवीच्या वर्गात ‘आवडीचे चित्र काढा’ असे सांगितले की निम्म्या वह्यांमध्ये जपानी ॲनिमेशनमधले मोठ्या डोळ्यांचे चेहरे आणि उरलेल्यांमध्ये कोणी ना कोणी सुपरहिरो अवतरतो, हे मुंबईतल्या बहुतेक चित्रकला शिक्षकांना ठाऊक आहे. काही शिक्षक अशा चित्रांना सरसकट बंदी घालतात, तर काही ‘मूल रमले आहे ना’ म्हणून ती तशीच चालू देतात. दोन्ही प्रकारांत मुलाच्या पदरात फारसे काही पडत नाही. त्याऐवजी मुलाला वेड लावणारे ते चित्र वर्गात आणावे, ते कसे रचले आहे हे त्याच्याबरोबर उलगडून पाहावे आणि त्यातली एकच युक्ती उचलून ती त्याच्या स्वतःच्या विषयाला लावायला सांगावी.

यात चित्रकलेची पातळी घसरते असे मानण्याचे कारण नाही, निदान मुंबईत तरी नाही. घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोहोचलेली देवादिकांची चित्रे छापण्यासाठी राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये आपला छापखाना याच शहरात काढला, सर ज. जी. कला विद्यालयात शिकलेले दादासाहेब फाळके पुढे चित्रपटाकडे वळले आणि मकबूल फिदा हुसेन यांनी तरुणपणी येथेच सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरले.

सुरुवात होर्डिंगपासूनच करावी, कारण त्यात शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे. हाताने रंगवलेली होर्डिंगे आता जवळपास संपली असली, तरी चोर बाजारात जुनी पोस्टरे अजून पाहायला मिळतात आणि पेडर रोडवरच्या भारतीय चित्रपटाच्या राष्ट्रीय संग्रहालयात वर्गाची सहलही नेता येते. होर्डिंग रंगवणारे चित्रकार छोट्या छायाचित्रावर चौकटी आखत, तितक्याच संख्येच्या, पण मोठ्या आकाराच्या चौकटी कापडावर आखत आणि एकेक चौकट उतरवत जात. विद्यार्थ्यांनीही हेच करावे, मात्र छायाचित्र नटाचे नसावे. घरातल्या किंवा रोजच्या पाहण्यातल्या एखाद्या व्यक्तीचे, म्हणजे आजीचे, इमारतीच्या वॉचमनचे किंवा कोळणीचे, तिची परवानगी घेऊन खिडकीजवळ एका बाजूने उजेड पडेल असे छायाचित्र काढून आणायला सांगावे. रंगवताना तयार त्वचेचा रंग वापरण्यास मनाई करावी आणि निळा, जांभळा, गुलाबी, पिवळा व पांढरा एवढेच पोस्टर कलर द्यावेत. सावलीच्या गालावर निळा-जांभळा आणि उजेडाच्या गालावर गुलाबी-पिवळा रंग ठेवून दोन्ही एकमेकांत घोळवू नयेत. नाकाला रेषा न काढता एक निळा पट्टा आणि एक गुलाबी पट्टा शेजारी आले की नाक आपोआप उठून दिसते, आणि हे प्रथम घडते तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. चित्र वाळल्यावर ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभे करावे. तिथून चेहरा ओळखू आला नाही, तर भुवया कोरत बसण्यापेक्षा गडद आणि फिकट यांतले अंतर वाढवावे. या कामाला जोडून आलेल्या दोन तासिका लागतात. एका तासिकेत ते उरकण्याचा प्रयत्न करू नये.

ॲनिमेशनच्या चेहऱ्यांसाठी मोजपट्टी पुरते. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, तर या चेहऱ्यांमध्ये बहुधा ते खाली सरकवून मोठे केलेले असतात, म्हणजेच प्रमाण लहान बाळाचे असते. हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून काढावे आणि मग बाकावरच्या मित्राचा चेहरा दोन्ही प्रमाणांत शेजारी शेजारी काढावा.

कॉमिक्समधली अक्षरे हा स्वतंत्र तासाचा विषय आहे. ‘धाडकन’, ‘खळखळ’, ‘सळसळ’ असे शब्द देऊन प्रत्येकाचे अक्षर त्याच्या आवाजासारखे घडवायला सांगावे: धाडकनची शिरोरेषा तडकलेली, खळखळची लाटेसारखी, सळसळची झुडपात शिरल्यासारखी. शब्द मात्र वाचता आलाच पाहिजे, ही अट सोडू नये. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांचे काय, अशी काळजी पालक करतात, तेव्हा हा त्या परीक्षांतल्या अक्षरलेखनाचाच सराव आहे असे त्यांना निःशंकपणे सांगावे.

वेळ उरला तर पुनरावृत्तीचा प्रयोग करावा. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये एकाच कंपनीच्या सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली, प्रत्येक चवीचे एक. मुलांनी घरातली दुधाची पिशवी किंवा खोबरेल तेलाची बाटली घेऊन खोडरबरावर तिचा ठसा कोरावा आणि एका कागदावर रंग बदलत तो उमटवावा. कोरण्याचे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे.

मूल्यमापन करताना मूळ चित्र आणि मुलाचे चित्र समोरासमोर ठेवावे आणि मूळातले काय घेतले व काय बदलले हे त्याला तोंडी विचारावे. हुबेहूब उतरवलेल्या सुपरहिरोला मी हाताच्या सफाईचे गुण देतो, कल्पकतेचे देत नाही. यावर वर्गात थोडी कुरकुर होते, ती होऊ द्यावी.

शाळेच्या प्रदर्शनात चित्राखाली मूळ स्रोत लिहावा. कंपनीच्या मालकीचे पात्र छापलेल्या पिशव्या किंवा कार्डे आनंदमेळ्यात विकायची असतील, तर आधी परवानगी लागते. रविवर्मांच्या चित्रांना ही अडचण येत नाही, कारण आपल्याकडे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो आणि त्यांचे निधन १९०६ मध्ये झाले.