जुयोंगगुआनला जायचंय? मग एवढी तयारी करूनच निघा

ग्रेट वॉल म्हटलं की आपले लोक डोळे झाकून तिच्या बादालिंग या भागाची टूर बुक करतात आणि बस त्याच रस्त्यावरच्या जुयोंगगुआनला वळसा घालून पुढे निघून जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. बीजिंगच्या वायव्येला साधारण ५० किमीवर दोन डोंगरांच्या मधली ही खिंड, उत्तरेकडून राजधानीवर यायचं तर हीच मोक्याची वाट, त्यामुळे १२११ मध्ये चंगीझ खानाच्या जेबे नावाच्या सेनापतीने माघार घेतल्याचं नाटक करून इथल्या जिन सैन्याला (तेव्हा उत्तर चीनवर जिन राजवट होती) बाहेर ओढलं आणि मग खिंड ताब्यात घेतली. आज दिसते ती तटबंदी नंतरच्या मिंग राजवटीच्या काळातली, १३६८ पासून बांधायला घेतलेली, आणि १९९० च्या दशकात तिची मोठी डागडुजी झाली.

आता तयारी. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधीच काढावा लागतो आणि फिरताना मूळ पासपोर्ट जवळच ठेवा, झेरॉक्सवर भागत नाही, कारण तिकीट पासपोर्ट नंबरवरच बुक होतं. पैशाचं घरूनच उरकून घ्या म्हणजे अलीपे आणि वीचॅट ही पैसे द्यायची दोन्ही चिनी अॅप फोनमध्ये टाकून कार्ड जोडून व्हेरिफिकेशन पूर्ण करा, ओटीपी आपल्या भारतातल्या नंबरवर येतो म्हणून ते सिम रोमिंगवर चालू हवं, आणि थोडे युआन रोख पण असू द्या. तिथल्या वायफायवर गूगल मॅप, व्हॉट्सअॅप काही चालत नाही, रोमिंगच्या डेटावर मात्र सहसा चालतं. हॉटेलचा पत्ता आणि जुयोंगगुआनचं नाव चिनी अक्षरांत स्क्रीनशॉट काढून ठेवा, टॅक्सीवाल्याला फोन दाखवला की काम होतं. आणि चीनमध्येच आतल्या आत विमानाने फिरणार असाल तर पॉवरबँकेवर चीनचा थ्री-सी (CCC) हा सुरक्षा प्रमाणपत्राचा मार्क आहे का बघा, २८ जून २०२५ पासून त्याशिवाय देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत.

कधी जायचं तर एप्रिल नाहीतर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. १ मेच्या सुट्ट्या आणि १ ते ७ ऑक्टोबर शक्यतो टाळाच, सगळा देश फिरायला बाहेर पडलेला असतो. जुलै-ऑगस्ट पावसाचे. जानेवारीत पारा शून्याखाली आणि खिंडीतून वारा असा घुसतो की कानटोपी, हातमोजे, विंडचीटर यातलं एकही सोडून चालणार नाही.

बूट चांगल्या ग्रिपचे घ्या. राजगड-तोरणा केलेल्यांना दमाचं टेन्शन नाही, पण इथल्या पायऱ्या एक घोट्याएवढी तर पुढची गुडघ्याएवढी, त्यामुळे उतरताना गुडघे बोलायला लागतात, आई-बाबा सोबत असतील तर नी-कॅप घ्या आणि पहिल्या-दुसऱ्या बुरुजावरून परत फिरायचं आधीच ठरवून टाका, बादालिंगसारखी केबल कार इथे नाही. तटावर सावली जवळजवळ नाहीच, टोपी आणि पाणी पाहिजेच. शाकाहारी असाल तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिक्की असलं काहीतरी पिशवीत टाका आणि एक थर्मास घ्या, चीनमध्ये स्टेशनांवर वगैरे उकळतं पाणी सहज मिळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे युनताइबद्दल जाण्याआधी थोडं वाचून घ्या. खिंडीच्या मधोमध पांढऱ्या संगमरवराचा हा चौथरा, १३४२ ते १३४५ मध्ये मंगोलांच्या युआन राजवटीत बांधलेला, वर तेव्हा तीन स्तूप होते ते आता राहिले नाहीत. खालून कमानीचा बोगदा जातो, कमानीवर मधोमध गरुड आणि बाजूला नाग, आत चार दिक्पाल राजे दगडातून अर्धे बाहेर आल्यासारखे कोरलेत. आणि भिंतींवर बौद्ध धारणी, म्हणजे मंत्रासारखे पाठ, सहा लिप्यांत, रंजना लिपीतलं संस्कृत, तिबेटी, फाग्स-पा (मंगोल राजवटीची लिपी), उइघुर, तांगुत आणि चिनी. वायव्य चीनमधल्या तांगुत लोकांचं राज्य १२२७ मध्येच बुडालं होतं, तरी शंभरेक वर्षांनी त्यांची लिपी इथे कोरली गेली! रंजना ही आपल्या नागरीच्याच कुळातली, घाईत काही कळत नाही पण तिची वर्णमाला फोनमध्ये सेव्ह करून गेलात आणि एकेक अक्षर जुळवत बसलात तर चीनमधल्या डोंगरात संस्कृत वाचता येतं, मला तर यासाठीच जुयोंगगुआन बादालिंगपेक्षा जास्त प्रिय आहे. वरच्या ओळींसाठी छोटी दुर्बीण किंवा झूमवाला कॅमेरा घ्या, कोरीवकामाला हात लावू नका, आणि खाली फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या बघायला विसरू नका.

यासाठी निदान तासभर वेगळा धरा आणि तो चढाईच्या आधी, नंतर पाय इतके भरून येतात की उभं राहून वाचायची इच्छाच उरत नाही. परतीचं वाहन मात्र वर चढायच्या आधीच बघून ठेवा, शेवटची बस किती वाजता ते खाली विचारा, आणि चुकलीच तर अलीपेमधूनच दीदी या कॅब सेवेची टॅक्सी चांगपिंगच्या मेट्रोपर्यंत करायची, पुढे शहरात मेट्रोने आरामात जाता येतं.